मोरिता-सेन्सेईंसाठी आठ मिनिटं

टोकियोतल्या ओजिमात आमच्या बिल्डिंगखाली चार मराठी माणसं भेटली की त्या हाफटाइम शोचा विषय निघतोच. किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. घरात पिशव्यांची पिशवी असते ना, तसे ते आपोआप साठत गेले.

आधी थोडं सांगते. माझ्या लेकीच्या, ईराच्या शाळेतल्या मार्चिंग बँडचे मोरिता-सेन्सेई, म्हणजे सर, रिटायर होणार होते. आजी-माजी विद्यार्थी मिळून दोनशे जण फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात त्यांना आठ मिनिटांची मानवंदना देणार होते. सोबत आमचं तीस जणांचं ढोल-ताशा पथक. पार्कात आमच्या आवाजाची तक्रार झाली, तेव्हा याच माणसाने शाळेचा हॉल उघडून दिला होता, दर रविवारी स्वतः येऊन. ते उपकार कसे विसरणार? आणि बँडचा प्रत्येक शो सेन्सेईंनी मैदानाच्या मागच्या बाजूला, वाद्यांच्या पेट्यांजवळ उभं राहून बघितलेला. या वेळी तरी त्यांनी समोर बसून बघावं, एवढीच सगळ्यांची इच्छा. को-ऑर्डिनेशन माझ्या गळ्यात पडलं, कारण मला जपानी येतं आणि नाही म्हणता येत नाही.

*

पहिल्या मीटिंगमध्ये बँडवाल्यांनी आमच्या पथकप्रमुखाला, जगतापला, विचारलं, "ढोल कितव्या ठोक्याला थांबतात?"

"मी हात वर केला की थांबतात."

सगळ्यांनी लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात छापील वेळापत्रकात ओळ होती: 'जगताप-सान हात वर करतील.' त्याखाली दुसरी: 'जगताप-सानना सर्दी झाल्यास हात कोण वर करणार?'

*

पहिल्या सरावाला जगतापने मैदानावर नारळ फोडला. बँडमधल्या मुलांच्या आया गुडघ्यांवर बसून करवंटीची शेवटची कपची मिळेपर्यंत वेचत होत्या. आम्हाला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वेळापत्रकात आलं: 'नारळ, तीस सेकंद. तुकडे वेचणे, चार मिनिटं.' पुढच्या सरावाला खाली अंथरायला निळी ताडपत्रीही त्या आयाच घेऊन आल्या.

*

पाऊस आला तर काय, याचीसुद्धा रिहर्सल झाली. रखरखीत उन्हात आम्ही कमरेला ढोल बांधून नसलेल्या पावसातून आडोशाला पळालो. जगताप धापा टाकत म्हणाला, "वहिनी, यांच्याकडे आयत्या वेळी काही होतच नाही का हो?"

मी ईराला विचारलं. ती नेहमीसारखी जपानीतच उत्तरली, "सेन्सेई म्हणतात, जे सरावात नाही ते मैदानावर नाही."

*

सेन्सेई समोर बसायला काही तयार होईनात. "पेट्यांजवळ कोणीतरी हवं." शेवटी ईराने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्यांच्या नावाची पाटी लावली. नाव लिहिलेली खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून बिचारे बसले.

*

शोच्या दिवशी मी वेळापत्रक घेऊन कडेला उभी होते. सहाव्या मिनिटाला बघते तर खुर्चीवर नुसती टोपी. वारा सुटला होता. मैदानाला वळसा घालून धावत मागे गेले, तर सेन्सेई ढोलांच्या उडालेल्या खोळी वेचून त्यांच्या घड्या घालत होते.

"सेन्सेई, समोर चला. शेवटची सलामी राहिलीये."

"एवढ्या दोन झाल्या की आलोच."

तिकडे समोर ईरा, दांड्याने बँडला इशारे देणारी ड्रम मेजर, प्रेक्षकांकडे पाठ आणि बँडकडे तोंड करून उभी होती. सगळ्यांच्या डोक्यांवरून तिला आम्ही दोघं दिसलो. तिने जगतापकडे बघितलं. जगतापने वेळेआधीच हात वर केला आणि ढोल थांबले. ईराने हातातला दांडा उचलून आमच्या दिशेने रोखला. सगळा बँड आणि सगळं पथक जागच्या जागी मागे वळलं, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून सेन्सेईंपुढे कमरेत वाकलं.

सेन्सेई खोळ हातात धरून तसेच उभे. मग त्यांनी खिशातून वेळापत्रक काढलं, चष्मा वर सरकवला आणि शेवटचं पान दोनदा वाचलं.

"हे यात नाही," ते म्हणाले.