राजाची उडी

बुद्धिबळाचा डबा उघडला की अजून खोबरेलाचा वास येतो. लोधिवलीच्या घरी ओटीवर बसून आबा, माझे वडील, लाकडी मोहऱ्यांना तेल चोळायचे. गावात त्यांना कुणी हरवत नसे. मी हौसेने फुकट बुद्धिबळ शिकवणारी साइट शोधली आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला. तो परत जागेवर येऊन बसला. "एकदा चालतं रं! मोबाइल लबाड हाय," ते म्हणाले. शेजाऱ्यांसमोर मी हसलो, "आबा, जन्मभर चुकीचंच खेळलात." त्यांनी डबा बंद केला तो कायमचाच. ते गेल्यावर त्याच साइटवर वाचलं, आपल्याकडच्या जुन्या खेळात राजाला एकदा अशी उडी मारता येते. शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत.