पाडव्याचा टप

गुणवंत भावजींइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि आता या वयात पाहायचाही नाही. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मित्र. जपानात, नागोयाला एकाच कंपनीत दोघांनी सत्तावीस वर्षं काढली. त्यांची बायको उत्तरा माझी मैत्रीण. ती नोव्हेंबरात गेली. दुखणं कळल्यापासून सात आठवडे, बस.

त्यांच्याकडे दोन सीटांची एक जुनी लाल गाडी आहे. हिवाळ्यात तिच्यावर कडक टप बसवायचा आणि ऊन आलं की उतरवायचा. उतरवायचा मुहूर्त ठरलेला, गुढीपाडवा. सकाळी उत्तरा गच्चीत पडद्याच्या दांडीची गुढी उभारायची, मग दोघं गॅरेजमध्ये उतरायची, दोन बाजूंना उभी राहायची आणि टप अलगद उचलून भिंतीशी ठेवायची. त्यानंतर समुद्रापर्यंत एक चक्कर. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. आम्ही श्रीखंडाला सकाळीच जायचो, टप उतरताना पाहायचो, आणि जेवायच्या वेळेला ती दोघं केस विस्कटून परत यायची.

उत्तरा गेल्यावर त्यांची मुलगी केतकी मागे लागली की बाबा, घर सोडा आणि टोकियोत, हिगाशी-कसाईला माझ्याकडे या. तिचं काय चुकलं? एकटा माणूस, गुडघे कुरकुरणारे, ताप आला तर पाणी द्यायला कोणी नाही. पण भावजी म्हणाले, मला एकट्याला सगळं जमतं. केतकीही त्यांचीच लेक. ती म्हणाली, मग पाडव्याला टप एकट्याने उतरवून दाखवा. उतरला तर मी पुन्हा विषय काढणार नाही, नाहीतर मुकाट्याने यायचं. आणि साक्षीला लतामावशी. म्हणजे मी. मला कोणी विचारलंच नाही.

शेजारचे इतो-सान धडधाकट आहेत, एक हाक मारली असती तर आनंदाने आले असते. पण नाही! लोकांना त्रास द्यायचा नाही, हे भावजी पुण्याहून निघतानाच शिकून आले होते. इथे येऊन त्यात पीएचडी केली. महिनाभर खपून त्यांनी नकाशे काढले, होम सेंटर नावाच्या हार्डवेअरच्या दुकानातून कप्प्या, दोर, पट्टे आणले आणि गॅरेजच्या लोखंडी तुळईला टांगले. तांदळाच्या दहा दहा किलोच्या तीन पिशव्या वर-खाली करून पाहिल्या. मी म्हटलं, वर्षाच्या आत सण करत नाहीत हो. त्यावर म्हणाले, "गुढी उभारत नाहीच आहे. टपाबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही."

यंदा पाडवा रविवारी आला. मी डबा घेऊन गेले. मला स्टुलावर बसवलं आणि हात लावायचा नाही अशी तंबी दिली. पुढच्या दोन कड्या उघडल्या, बाजूच्या दोन उघडल्या, पट्टे बांधले, चारही गाठी दोनदा तपासल्या. मग दोर ओढला. टप हलला, उचलला गेला, एक वीत, दोन विती. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकला हा माणूस, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागची बाजू अडली. दोर गुंतला असेल म्हणून त्यांनी जरा जोर लावला. टक् असा आवाज झाला आणि टप मोकळा होऊन वर गेला.

भावजींनी दोर खुंटीला बांधला आणि सीटच्या मागे वाकून पाहिलं. एक वायर तुटून लोंबत होती. मागच्या काचेवरचं दव घालवणारी तार तापते ना, तिची वायर. टप उचलण्याआधी तिचा प्लग काढावा लागतो.

ते बराच वेळ वाकलेलेच होते. मला वाटलं कंबर धरली. जवळ गेले तर म्हणाले, "हे मला माहीतच नव्हतं."

मी मात्र ते दर वर्षी पाहिलं होतं, फक्त ते कशासाठी हे आज कळलं. उत्तरा आपल्या बाजूने सीटच्या मागे वाकायची, काहीतरी खुडबुड करायची, आणि हे दुसऱ्या बाजूला टप धरून ओरडायचे, अगं काय शोधतेस तिथे, आटप ना. ती म्हणायची, आले, आले. गाडी घ्यायला आम्हीही सोबत गेलो होतो, तेव्हा हे इंजिनात डोकं घालून बसले होते आणि जुना मालक जे जे सांगत होता ते तिने ऐकलं होतं. तिचं जपानी यांच्यापेक्षा चांगलं. थंडीच्या आधी प्लग लावायचा, पाडव्याला काढायचा. तिने कधी बोलून दाखवलं नाही. हे हिवाळाभर बटण दाबायचे, काच स्वच्छ व्हायची, आणि हे गाडीचं कौतुक करायचे.

आम्ही दोघांनी टप खाली लाकडी घोड्यांवर उतरवला. म्हणजे त्यांनीच उतरवला, मी हात लावला नाही. मग केतकीचा फोन आला. ती मलाच विचारत होती. मी म्हटलं, उतरला गं, एकट्याने उतरवला, एक ओरखडा नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं.

भावजींनी फोन मागून घेतला. "केतकी, टप अकरा वर्षं आईच काढत होती. मी नुसता उचलत होतो."

पोरीला काही कळेना. घाबरून ती जपानीतच विचारू लागली, दाइजोबु, बाबा, दाइजोबु? ठीक आहात ना? या देशात या प्रश्नाला होच म्हणतात. भावजी तर दवाखान्यात, उत्तराच्या उशाशीही होच म्हणत आले होते.

"नाही गं," ते म्हणाले. "ये मला न्यायला."

फोन माझ्या हातात देऊन ते उत्तराच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले. डबा मी तसाच परत आणला.