काडेपेटीतली माशी

वर्तकनगरला आमच्या शेजारचे गृहस्थ रोज सकाळी रिकामी काडेपेटी घेऊन दारात यायचे. विरजण मागावं तसं विचारायचे, "वहिनी, एखादी माशी आहे का?" जॅमच्या बाटल्यांमध्ये त्यांनी उड्या मारणारे कोळी पाळलेले. "मादीला आधी पोटभर खायला घालायचं, मग नर सोडायचा. नाहीतर त्यालाच खाते," असं ते कौतुकानं सांगायचे. आतून बायको ओरडायची, "अहो, पुरे!"

तिच्या आजारपणात सगळे कोळी मेले, एकच मादी उरली. मग त्यांची बायकोही गेली. दहाव्याला ते नाशिकला गेलेले, तेव्हा आम्ही बायकांनी तेराव्यासाठी त्यांचं घर घासून काढलं. त्या मादीच्या बाटलीत कोळी काही दिसेना, नुसता पांढरा पुंजका होता. बुरशी समजून मी बाटली कढत पाण्यानं धुतली.

परतल्यावर त्यांनी बाटली उजेडात धरली.

"मादी त्या पुंजक्यात अंडी घेऊन बसलेली. आमच्या हिनंच आधी पाहिलेलं, अंथरुणावरून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "असू द्या, वहिनी. लख्ख निघालीय."

दुसऱ्या दिवशी मीच काडेपेटीत माशी पकडून नेली. त्यांनी काडेपेटी दोन्ही हातांनी घेतली, गॅलरीत गेले आणि माशी सोडून दिली.