जावयाला पाहिजे कब्बिण

मी नवरा म्हणून कायम झालो होतो, मास्तर म्हणून अजून व्हायचो होतो.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो. दिवाळीच्या सुटीनंतर डॉक्टरी तपासणी पार पडली की नोकरी पक्की होणार होती. तपासणीत छातीचा एक्सरे होता. गणिताचे बिराजदार सर मधल्या सुटीत शेंगा सोलता सोलता सहज म्हणाले, "काढा की एक्सरे. पण तुमचं लगीन नवीन हाय. त्या किरणांनी म्हणे पुढं पोरंबाळं होत न्हाईत."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"घाबरू नका," सर म्हणाले. "उपाय पण हाय. मासिकात वाचलंय मी. आहारात खनिजं पाहिजेत. लोह, चुना, आयोडीन. अंगात ती भरपूर असली की किरणांचं काही चालत न्हाई. घर पाहुण्यांनी भरलं की उपरा शिरणार कुठनं?"

(गणिताचा माणूस असं बोलला की ते सिद्ध झालेलं असतं, असं मी तेव्हा मानत असे.)

चुना मी पानातून खातच होतो. आयोडीन म्हणजे गुडघा फुटल्यावर लावायचं ते तांबडं औषध. ते पिण्याइतका मी घाबरलो नव्हतो. उरलं लोह. आणि सुटीत मी जाणार होतो कुंभारीला, सासरवाडीला, पहिल्या दिवाळसणाला. मेथी म्हणा, अळीव म्हणा, लोखंडी कढईतली भाजी म्हणा, सासूबाई लागेल ते करून घालतील. अडचण एकच होती. सासूबाई कन्नड बोलायच्या आणि आमचं घर बार्शीचं, बेळ्ळी म्हणजे चांदी एवढंच कन्नड मला लग्नात कळलेलं.

"सोपं हाय," बिराजदार सर म्हणाले. "लोखंडाला कब्बिण म्हणायचं. कब्बिण बेकु. म्हणजे लोखंड पाहिजे."

मी शब्द घोकत घोकत कुंभारी गाठली.

दिवाळसणाला जावयानं ताटावर रुसून बसायचं आणि काहीतरी मागून घ्यायचं, ही रीत. मी बापडा रुसलो नव्हतो. पोळीकडे बघत कन्नड वाक्य मनात जुळवत होतो. पण माझा हात थांबलेला पाहून सगळं घर गप्प झालं. सासरेबुवांनी घड्याळाची तयारी ठेवली होती, हे मला नंतर कळलं. सासूबाईंनी दाराआडून भीत भीत विचारलं, "एन बेकु?"

मी घसा खाकरून म्हणालो, "कब्बिन बेकु."

सासूबाई हसल्या, सासरेबुवा हसले, आणि बायको, शांता, तोंडाला पदर लावून आत पळाली.

"अस्सा जावई मिळायला नशीब लागतंय," सासरेबुवा शेजाऱ्याला सांगत होते. "तुमचा जावई रेडिओसाठी उपाशी बसलाय, आन् आमचा बगा, नुस्ता ऊस मागतोय."

ऊस का म्हणाले, ते मला कळेना. पण संध्याकाळी पुढ्यात उसाची मोळी येऊन पडली तेव्हा वाटलं, खेड्यातल्या माणसांना ठाऊक असणार कशात काय असतं ते! उसात लोह असेल. मी खायला लागलो. मुलांबाळांचा प्रश्न होता. मी मन लावून खाल्ला. जावयाला आवडतो म्हणून दुसऱ्या दिवशी भावकीतूनही ऊस आला. हिरड्या सोलवटल्या तेव्हा सासूबाईंना दया आली आणि त्यांनी रस काढून आणला. रस संपला की काकवी, काकवीनंतर गुळाची ढेप. तपासणीच्या दिवशी सकाळी सोलापूरला निघालो तर वाटेत तहान लागेल म्हणून सासूबाईंनी तांब्याभर रस उभ्या उभ्या पाजला. मीही लोह, लोह म्हणत तो प्यालो.

एक्सरे चुटकीसरशी निघाला. मला वाईटच वाटलं, एवढी तयारी करून गेलो होतो. पण लघवी तपासणाऱ्या डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली आणि आतलं निळं औषध विटकरी झालं.

"मधुमेह कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मला? नाही हो."

"राहता कुठं?"

"साखर पेठेत."

"तरीच," डॉक्टर म्हणाले. "असं कायम करता येणार नाही. काय खाताय सध्या?"

"लोह," मी म्हणालो, आणि नोकरी जाईल या भीतीनं सगळंच सांगून टाकलं.

डॉक्टर अक्कलकोटकडचे निघाले. ते बराच वेळ हसले. "मास्तर, कब्बिण म्हणजे लोखंड. कब्बिन म्हणजे उसाचं. तुमचा ण चुकला. आणि एका एक्सरेला लोखंड लागत नाही, ऊसही लागत नाही. आठवडाभर गोड बंद करा आणि परत या."

मुलांनी 'पानी' लिहिलं की मी ओळीनं पानभर 'पाणी' लिहून घेणारा माणूस! मी खाली मान घालून घरी आलो.

"अगं, तुला तरी कळलं असेल ना?" मी शांताला विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला खरंच आवडतो," ती म्हणाली. "तुम्ही इतकं प्रेमानं खात होता."

यावर रागावणं मला जमलं नाही. आठवड्यानं औषध निळंच राहिलं आणि मी कायम झालो. पण तोवर शांतानं माहेरी खरा निरोप धाडला होता. जावयानं मागितलं लोखंड आणि आपण त्याला उसावर भागवलं, या विचारानं सासूबाईंना जेवण गोड लागेना. एके सकाळी साखर पेठेत आमच्या दारात बैलगाडी उभी राहिली. गाडीत भला थोरला लोखंडी पलंग, आणि पलंगावर सासरेबुवा बसलेले.

"चुकलं आमचं, जावईबापू," ते म्हणाले. "हे घ्या तुमचं कब्बिण."

अख्खी गल्ली बघत होती. हुंड्याविरुद्ध शाळेत भाषण देणाऱ्या मास्तरानं सासऱ्याकडून पलंग उकळला, हे दुपारपर्यंत बिराजदार सरांच्याही कानावर गेलं.

वर्षभरात आम्हाला मुलगी झाली, पुढं आणखी दोघं. किरणांपासून वाचायला लोह किती खावं, असं अजूनही कुणी विचारलं तर मी सांगतो, खायची काही गरज नाही. नुसतं त्यावर झोपलं तरी गुण येतो.