आईने विझवलेला जाळ

आज गच्चीवरच्या खताच्या कुंडीचं झाकण उघडलं आणि मुरलेल्या पाल्याचा ओलसर वास आला. त्या वासाने मला थेट हिंदी मुलखातल्या, माझ्या लहानपणीच्या मल्हारगंजात एका सकाळी नेऊन सोडलं.

तेव्हा आमच्या गल्लीत झाडलोट झाली की कचऱ्याचा ढीग पेटवून देत. पाला, भाजीची देठं, प्लास्टिकच्या पन्न्या, सगळं एकत्र. माझ्या धाकट्या भावाला, मुन्नाला, दमा होता. त्या दिवशी धुराने तो इतका कासावीस झाला, की आई भरली बादली घेऊन बाहेर धावली आणि तिने जाळावर पाणी ओतलं.

“अहो वहिनी, ये क्या कर दिया?” समोरचे पवारकाका ओरडले.

“भाऊजी, पोराला सांस घेता येत नाहीये. पन्न्या वेगळ्या ठेवा, पाला मला द्या. मी परसात खताचा खड्डा करते.”

आता भांडण होणार, म्हणून मी दाराआड लपले होते. आज वाटतं, एरवी हळू बोलणारी माझी आई केवढी धीट होती! काका आत गेले. दुसऱ्या सकाळी मात्र टोपलीभर पाला घेऊन तेच आमच्या दारात आले.

“मुन्ना कसा आहे?” त्यांनी विचारलं.

हळूहळू गल्लीतला जाळ बंद झाला. त्या हिवाळ्यात भाऊ पहिल्यांदाच आमच्याबरोबर पकडापकडी खेळला.