मिरचीच्या गोदामातली बालवाडी

१० जून २०२४ रोजी भिवापूरच्या विहारात बालवाडीसाठी वर्गणी जमली, ती चार हजार दोनशे साठ रुपये. विहार नव्यानं बांधायचा होता. महिनाअखेर मागची खोली पाडली जाणार होती आणि त्या खोलीत तीस वर्षं भरणाऱ्या बालवाडीला दुसरी जागा हवी होती. नाही मिळाली तर मुलं पांगतील आणि पांगलेली मुलं परत यायची नाहीत, हे सुभद्राबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना एका जागी बसवत नव्हतं. ताटावरूनही मध्येच उठत.

बालवाडी त्यांचीच. तरुणपणी त्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या आवारात, देठं खुडायला जात. त्यांची लहानगी लेक अपेक्षा शेजारी खेळायची. एकदा पोर रडली म्हणून त्यांनी तशाच हातांनी तिचे डोळे पुसले. पोरीनं जो आकांत केला, त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं आणि सातऱ्यावरच्या बायकांची पोरं विहारात सांभाळायला घेतली. नियम एकच. संध्याकाळी आईनं दारातच हातांना तेल चोळायचं, साबणानं हात धुवायचे, मगच लेकराला उचलायचं.

या खेपेस मिरचीचे व्यापारी रुपराव मदतीला आले. त्यांचं जुनं गोदाम रिकामं होतं, ते बिनभाड्यानं दिलं. आयांनी ते झाडलं, धुतलं, वर्गणीच्या पैशातून चुना मारला. अपेक्षा आता नागपूरला इतवारीतल्या कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते आणि तिथंच नंदनवनात राहते. ती गोदाम बघायला आली आणि दारातच दोनदा शिंकली.

"आई, ठसका लागून राहिला इथं."

"नागपूरची झाली ना ते," प्रेमिला हसली. तीही सातऱ्यावरचीच, तिचा नातू बालवाडीत होता. "नाकही शहरातलं झालं तिचं."

"चुन्याचा वास हाय वं," सुभद्राबाई म्हणाल्या. "मले तर काहीच नाही लागून राहिलं."

एक जुलैला, सोमवारी, मुलं आत बसली. एक शिंकलं, बाकीची हसली. मग सगळीच खोकू लागली. डोळे लाल, नाकं वाहती. विहार समितीचे आनंदराव दारात उभे होते.

"बाई, शुक्रवारपर्यंत पाहतो. नाही जमलं तर लेकरं कॉन्व्हेंटात घाला म्हणून मीच सांगतो आयांले."

सुभद्राबाईंनी वळून पाहिलं. खोकणाऱ्या लेकरांना उचलत आया फिरत होत्या आणि एकीच्याही डोळ्यात पाणी नव्हतं.

"प्रेमिला, आपली नाकं मेली हायेत गा," त्या म्हणाल्या, आणि प्रेमिलाला 'वं' सोडून गड्यासारखं 'गा' म्हटलं हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. "आपण काय साफ केलं अन् काय नाही, आपल्याले कसं कळंल?"

पहिल्या दिवसासाठी आलेल्या अपेक्षाला त्यांनी थांबवून घेतलं; नाक तिचंच शाबूत होतं. तिनं मालकाला फोन करून सुट्टी मागितली. मिरचीचं तिखट भिंतींच्या भेगांत मुरलं होतं. बायकांनी गिलावा खरवडला, ओल्या फडक्यांनी भिंती पुसल्या, भेगा सिमेंटनं बुजवून पुन्हा चुना मारला. वर्गणी संपली होती, हा चुना रुपरावांनी उधार आणवून दिला. बुधवारी सकाळी अपेक्षा आत गेली आणि शिंकत बाहेर आली. गुरुवारी तिला नुसता खोकला आला. त्या दिवशी सुभद्राबाई पाण्याचा माठ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत राहिल्या.

"काहून त्या माठाले फिरवून राहिली वं माय?" प्रेमिलानं विचारलं. "त्याले तरी बसू दे."

शुक्रवारी अपेक्षा आत गेली, तेव्हा आनंदराव येऊन उभे होते. ती भिंतीला नाक लावून कोपऱ्याकोपऱ्यातून फिरली. सुभद्राबाई पदराचं टोक पिळत होत्या. अपेक्षा खाली बसली, मांडी घातली, म्हणाली, "आण लेकरं."

बालवाडी आता तिथंच भरते. दुसऱ्या चुन्याचे तीनशे दहा रुपये रुपरावांना द्यायचे बाकी आहेत.