रसाच्या फ्रिजला लावलेला स्टॅबिलायझर

धानोऱ्याच्या आमच्या घरात मी दिवसातून तीनदा मल्टिमीटर घेऊन पुढच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये किती व्होल्ट येतात ते पाहतो आणि कॅलेंडरवर लिहितो. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. गल्लीतले लोक हसतात. यायला हवेत दोनशे तीस. उन्हाळ्यात दुपारी येतात एकशे बासष्ट, आणि मळ्यांतले पंप एकदम बंद झाले की त्याच तारेतून दोनशे पासष्ट. असल्या मालाला वीज म्हणायचं याचीच मला शिसारी येते.

ही नोंद मी हौस म्हणून ठेवत नाही. जन्मभर चुलीपुढे बसून माझ्या आईची फुप्फुसं गेली. तीन वर्षं ती ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, मिनिटाला दोन लिटर. हे मशीन घरातल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं. व्होल्टेज पडलं की त्याचा कॉम्प्रेसर घुरघुरत तापतो, चढलं की आतलं कार्ड जळतं. म्हणून मी त्याला स्वतंत्र स्टॅबिलायझर लावला होता. एकशे चाळीस ते दोनशे नव्वदपर्यंतचं व्होल्टेज तो सांभाळून घेतो, त्याबाहेर गेलं की सरळ पुरवठा तोडतो.

मी वजनकाट्यावर कामाला आहे. तिथे काट्याच्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे, वेगळं अर्थिंग आहे, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतलं जातं. ट्रकच्या वजनात पाच किलोचा फरक पडू नये म्हणून एवढं सगळं. आणि माणसं राहतात त्या गल्लीची डीपी, म्हणजे वीज वाटणारी पेटी, पाहा. पेटीला झाकण नाही. फ्यूजच्या जागी तारेची वेटोळी. वर तारांवर वीजचोरीचे दोन आकडे टाकलेले. खाली तंबाखूच्या पिचकाऱ्यांचा लाल चिखल, त्यात कुत्रं झोपलेलं. न्यूट्रलची तार इतकी ढिली की वारा आला की ठिणगी दिसायची. मी वायरमनला चारदा सांगितलं. तो एकदाच आला, वर पाहिलं, थुंकला.

"भाऊ, लाइट शे ना तुना घरमां? मंग कसाले डोकं खास?"

मी कॅलेंडरवरचे आकडे दाखवले. "तुम्ही काटावाला लोक," तो हसत म्हणाला, "हवा बी मोजशात." आणि गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण दोन दिवस आधीच माहेरी आली. तिचे यजमान कळसाडीहून ऐन सणाला जेवायला येणार होते. त्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेऊन एक वाजता घरी आलो. खापरावरच्या पोळ्या झाल्या होत्या. पाहुणे पाटावर बसले होते, त्यांच्यापुढे रसाची मोठी वाटी.

"काय थंडगार रस शे, वा!" ते म्हणाले. "आमनाकडे इतला थंड होसच नही."

मला जरा नवल वाटलं. एकशे साठ व्होल्टवर आमचाही फ्रिज गार होत नाही. पण सणाच्या दिवशी जेवणाऱ्यापुढे मीटर काढायचा नाही एवढं मलाही कळतं.

दीडच्या सुमारास बल्ब पांढराफटक झाला. पंखा सुटल्यासारखा फिरू लागला. टीव्हीतून फट् असा आवाज आला. आईच्या खोलीतून आधी मशीनची शिट्टी आणि मागून जळक्या प्लास्टिकचा वास. न्यूट्रल तुटली होती; ती तुटली की घरात तीनशेच्याही वर व्होल्ट घुसतात. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि आईकडे गेलो. मशीनचा प्लग सरळ भिंतीत होता. स्टॅबिलायझर जागेवर नव्हता.

आईचे ओठ निळसर झाले होते. कोपऱ्यातल्या राखीव सिलिंडरला मी तिची नळी जोडली. काटा निम्म्यावर. भरलेलं असतं तेव्हा त्यात दीड हजार लिटर, म्हणजे आता साडेसातशे. दोन लिटरने सव्वासहा तास. पावणेआठला ते संपणार. दिवसातून तीनदा व्होल्ट लिहिणाऱ्या मला सिलिंडरचा काटा पाहायचं महिनाभर सुचलं नव्हतं. त्या क्षणी वायरमनपेक्षा मला माझीच जास्त किळस आली.

"स्टॅबिलायझर कोणी काढला?" मी ओरडलो.

बहीण रडत दारात उभी होती. "मायनीच काढाले लावं, दादा. फ्रिजले लाव म्हने. दोन रोजथून तठेच शे."

पाहुणे उष्ट्या हाताने उठून आत आले. हात धुतले आणि म्हणाले, "नंदुरबारले सिलिंडर कोठे भेटस, ते सांगा." सणाचं दुकान बंद असणार, हे मी त्यांना सांगितलं. "दुकान बंद ऱ्हास, मानूस तं घरच ऱ्हास ना," म्हणत त्यांनी मोटारसायकल काढली. आमचा रस खायला आलेला माणूस, असं मी दोन मिनिटांपूर्वी मनात म्हटलं होतं. सहा वाजता ते भरलेलं सिलिंडर मागे बांधून परत आले. आईला जोडलेल्या सिलिंडरमध्ये तेव्हा दोनशे लिटर उरले होते.

ते येईपर्यंत मी आईजवळ बसून होतो. "माय, तुले सांगेल व्हतं ना? मशीनना स्टॅबिलायझर काढानं नही म्हणीन?"

"माले सगळं समजस, बापू," ती थांबत थांबत म्हणाली. "मशीन बंद पडनं तर मी घडीभर बसी ऱ्हासू. रस नासना तर पाव्हणाले काय वाढसूत आपण?" मग जरा दम घेऊन, "त्यानं ताट आर्धं ऱ्हायनं. झाकी ठेव."

गल्लीतले नऊ टीव्ही जळले तेव्हा कुठे वायरमन दुसऱ्या दिवशी आला. न्यूट्रल त्याने उघड्या तारेने बांधली. पिचकारी त्याच जागी टाकली. मी आकडे दाखवले नाहीत.

मशीनचं कार्ड बदलून आल्यावर मी त्याचा प्लग कापून वायर थेट स्टॅबिलायझरमध्ये कसली. स्टॅबिलायझर भिंतीला चार स्क्रूंनी पक्का बसवला. तरी माझी खात्री होईना. पुढच्या पाहुण्यासाठी ती स्क्रू काढायला लावील, हे मी ओळखून आहे. शेवटी मी फ्रिजसाठी दुसरा स्टॅबिलायझर आणला. आता सकाळी सातला मी मीटर घेऊन तिच्या खोलीत गेलो की मशीनचं ती काही विचारत नाही. नाकातली नळी सारखी करत आधी विचारते, "फ्रिजना दिवा लागेल शे ना?"